दोनदा छापलेली मुलगी

४ मार्च
जुळ्यांचं गाव म्हणतात त्या इग्बो-ओरात पोचले एकदाची, आणि चक्क खूश आहे! बाबा अजादींच्या फोटो स्टुडिओत नोकरी, मागच्या अंगाला स्वतंत्र खोली, दारासमोर कंदाच्या पिठाचा गरम गरम अमाला विकणारी बाई. आणखी काय हवं? जुळ्यांत आधी येतं ते तायवो, मागून येतं ते केहिंदे, ही आमच्यात ठरलेलीच नावं; त्यामुळे नाव केहिंदे म्हटल्यावर बाबांनी लगेच विचारलं, मग तुझी जुळी तायवो कुठाय? आठ महिन्यांची असतानाच गेली, म्हटलं. जगाची चव बघायला आधी बाहेर आली आणि आवडली नाही म्हणून परत फिरली, असं आई सांगते. दर वाढदिवसाला चवळीचं पहिलं ताट तिचं, मग माझं. मेलेलीचं कौतुक सोपं असतं. ती उलटून बोलत नाही.

७ मार्च
काम मजेचं आहे. जुना फोटो यंत्रात घातला की माझा प्रोग्राम त्याचे बाइट करतो, म्हणजे नुसत्या आकड्यांची लांबलचक माळ. ती साठवून ठेवायची. गिऱ्हाईक आलं की त्या आकड्यांचं पुन्हा चित्र. बाबा तोंड वासून बघत होते. माणसाचा चुरा करून परत माणूस उभा करतेस की गं, म्हणाले.

१२ मार्च
इथे जुळ्यांच्या फोटोंचा ढीग आहे. जोडीतलं एक गेलं की उरलेल्याचा फोटो काढायचा आणि तोच शेजारी शेजारी दोनदा छापायचा. एक जिवंत, एक मेलेलं. आमच्या घरीही आहे तसा. दोन्ही अर्धे हुबेहूब सारखे, मग साठवायचे कशाला दोन्ही? मी एकाच अर्ध्याचे बाइट ठेवते, सोबत ‘दोनदा’ अशी खूण. बाबा हसले. त्यांच्या गुरूचंही तेच, म्हणे. निगेटिव्हची काच एकच, छापणं दोनदा. फक्त दुसऱ्यांदा छापायला विसरू नकोस, एवढं मात्र बजावलं.

१९ मार्च
आईने आमचा फोटो पाठवला. सोबत निरोप, तायवोला जपून हाताळ. आणि मला? मी काय, पडली तरी फुटणार नाही! टाळकंच सरकलं माझं. उजवा अर्धा ठेवला, डावा टाकून दिला, ‘दोनदा’ची खूणही काढली. परत चित्र केलं तर काय सुरेख! एक खुर्ची, एक पोर. मी. सुटले बाई.

२० मार्च
अमालावाली म्हणाली, काय तायवो, आज उशीर? चेष्टा असेल. मग बाबांनीही तीच हाक मारली. पुरे हं आता, म्हटलं, तर गोंधळून बघत राहिले. कागदावरचा मूळ फोटो काढून पाहिला. त्यातही एकच मुलगी आहे.

२१ मार्च
आईला फोन केला. डावीकडची कोण होती गं? केहिंदे, म्हणाली, असं काय विचारतेस, तायवो?
पण आकडे तेच होते! एक न् एक तपासला होता मी. दोन्हींत मीच होते. मग पुसलं कोणाला —

२२ मार्च
खूण परत लावली. चित्रात एकच मुलगी. पुन्हा लावली. एकच.

२३
आई आली. चवळी शिजवली. पहिलं ताट केहिंदेचं, म्हणाली, बिचारी माझी, आणि डोळ्यांना पदर लावला. माझ्यासाठी! जन्मभर वाट पाहिली या ताटाची. उचलायला गेले तर हात — हातच नाही लागत ताटाला. दुसऱ्या ताटाशी कोणीतरी जेवत होतं.

२४
ती माझ्या खुर्चीत बसलीय. माझा चेहरा, माझाच निळा झगा. मी बोंबलतेय, कोणी मान वळवत नाही. मी कुठे आहे ते कळलं — यंत्रात, टाकून दिलेला डावा अर्धा — नुसते आकडे —

सापडले तिला. हे कसले बाइट, यांचं चित्रच होत नाही, असं बाबांना विचारतेय. बाबा म्हणाले, कचरा असेल गं. ती आईकडे बघतेय. पुसू का, म्हणते. आई, नको म्हण — आई, एकदा तरी माझ्या बाजूने —

आई हसली. पूस बाळा, म्हणाली, आणि चल जेवाय