सेट मुलगा आणि रिकामी गिरणी

मोहाडी

आदरणीय कृष्णराव यांना टिकारामचा रामराम.

अड्याळला तुमचे गुडघे आणि वहिनींचा राग, दोन्ही आटोक्यात असतील असं धरून चालतो. फोनच केला असता, पण माझा फोन तुमची बहीण माझ्यापेक्षा जास्त ऐकते.

तुमच्या भाच्याचं, बंटीचं, घर पाहायला लाखांदूरचे पाहुणे येणार होते. मुलीचे वडील कैलाशराव फोनवर एकच विचारत, "मुलगा सेट आहे ना?" आता हा इंग्रजी शब्द आपल्याकडे कोण कशाला लावेल, नेम नाही. बंटी केस सेट करतो, मिस्त्री मशीन सेट करतो, तुमच्या बहिणीला, चंद्रकलेला, सोन्याचा सेट पाहिजे (तेवढं मला ऐकू येत नाही), दहीसुद्धा आता लागत नाही, सेट होते. मुलीच्या बापाच्या तोंडी मात्र अर्थ एकच: नोकरी. बंटीजवळ नोकरी नाही, आपली धानाची गिरणी आहे. आधीचे पाहुणे एवढ्यावरूनच परतले होते. म्हणून ठरवलं, यांना गिरणी धडधडतानाच दाखवायची. पण या दिवसांत भरडायला धान कोण आणतो? मी गिरणी रिकामीच सुरू केली. (हसू नका. रिकाम्या गिरणीत धान सोलणारे रबरी रोलर एकमेकांनाच खातात, हे मलाही कळते. पण मुलाच्या बापाला त्या दिवशी काही कळत नसते.)

पोहे आले. "सीझन नाही, तरी फुरसत नाही पहा," असं मी म्हणतो न म्हणतो तोच गिरणीचा आवाज चिरकला. मी ऐकलं आणि हसत राहिलो. मग जळक्या रबराचा वास आला. मी पोह्यांची तारीफ सुरू केली. मुलगी रत्नमाला (आजकाल मुलगीही घर पाहायला येते, चांगलंच आहे, पण माझ्यासारख्याला जड जाते) बशी ठेवून म्हणाली, "काकाजी, मिल रिकामी काहून चालून राहिली? रोलर जळून राहिले ना!" तिच्या मामाची मिल आहे, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. बंटी धावला, मागोमाग ती. गिरणी थांबली, तरी दोघं परत येईनात. इकडे कैलाशराव माझ्याकडे पाहत होते आणि मी पोह्यांकडे. तिकडून हसण्याचा आवाज आला. जाताना पोरगी म्हणाली, "पुढच्या वेळी धान टाकून ठेवजा, काकाजी."

पुढच्या वेळी! कृष्णराव, मी बरोबर ऐकलं.

आपला,
टिकाराम

ता. क. पाहुणे येत्या रविवारी पुन्हा येत आहेत. रोलर नवे बसवले. तुमच्या कोठीत धान शिल्लक आहे असं कानावर आहे. गाडीभर पाठवा, आणि चंद्रकलेला कळू देऊ नका.

दुसरा ता. क. आत्ताच बंटी सांगून गेला. रत्नमालेचा निरोप आहे, "काकाजीच्या भरवशावर नाही राहत, धान आम्हीच आणतो." तुम्ही तरी पाठवाच. लग्नाआधीच सुनेच्या धानावर गिरणी चालली, तर तुमची बहीण मला जन्मभर ऐकवेल.