रंगरावांची टोपी आणि फोटोतलं भोक

हे लिहायला फार उशीर झाला, त्याबद्दल आधी माफी मागतो. मी सर्जेराव शंभू काळोखे, वय चौऱ्याऐंशी, राहणार रास्ता पेठ, पुणे, शिक्षण सातवी, एसटीतून निवृत्त मेकॅनिक, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. "शाबूत आहे. आता वापरा," असंही ते म्हणाले.

१. राहता फ्लॅट मुलगा विक्रम याला. मोरीतला नळ गळतो. वॉशर मीच बदलणार होतो.

२. बँकेतली ठेव सून तेजस्विनी हिला. तिने माझं पथ्य सांभाळलं आणि मी रोज मिठावरून बोललो.

३. पान्यांची पेटी शेजारच्या साईनाथला. माझा दहाचा पाना त्याने आधीच नेलेला आहे. तो परत आणून पेटीत ठेवावा, मग पेटी न्यावी.

४. आजोबा रंगराव यांची लोकरी टोपी, गुडघ्याच्या कातडी पट्ट्या आणि संघाचा फोटो नात वैष्णवी हिला. याचं कारण लिहिणं भाग आहे.

आजोबा कॅम्पात गोऱ्या पलटणींविरुद्ध फुटबॉल खेळायचे, अनवाणी. ते गोलकीपर होते. तेव्हा गोलकीपरला आपल्या अर्ध्या मैदानात कुठेही चेंडू हाताळता यायचा. आजोबा चेंडू आपटत आपटत थेट मधल्या रेषेपर्यंत न्यायचे. त्यांच्यासाठी लोक झाडांवर चढायचे म्हणे. १९१२ साली नियम बदलला : गोलपुढच्या चौकटीबाहेर हात लावायचा नाही. अंतिम सामन्यात आजोबा सवयीने चेंडू घेऊन बाहेर पळाले. शिट्टी झाली, गोऱ्यांना फ्री किक मिळाली, तीवर गोल झाला. आजोबा पुन्हा कधी खेळले नाहीत.

कप्तान रावसाहेब भिंताडे यांनी नवा नियम मुद्दाम सांगितला नाही, असं आमच्या घरात ठरलं. वडिलांनी फोटोतून त्यांचं डोकं ब्लेडने कापलं. पण शेवटच्या आजारात आजोबा मला म्हणाले, "रावसाहेबानं सांगितलं होतं रे. दोनदा सांगितलं. चेंडू हातात आला की माझे पाय थांबायचे नाहीत." वडील म्हणाले, "आता कशाला उकरता?" मीही उकरलं नाही.

गेल्या महिन्यात वैष्णवीने सांगितलं की खराडीत तिच्याच ऑफिसातल्या ऋषीशी लग्न करायचंय. ऋषी हा रावसाहेबांचा पणतू.

ती म्हणाली, "आजोबा, एका फाऊलसाठी शंभर वर्षं?"

सगळं माहीत असून मी म्हणालो, "त्या घरात पाय ठेवलास तर या घरात ठेवू नकोस."

तिने चपला घातल्या. दारातून म्हणाली, "रात्रीची गोळी घ्या." तेव्हापासून आली नाही. गोळी मी रोज घेतो.

५. भिंताडे घराण्याशी असलेलं वैर माझ्यापाशी संपलं. ते वारसाने कोणालाही मिळणार नाही.

६. ऋषीच्या घरी तोच फोटो अख्खा आहे, असं कळतं. त्याची प्रत आणून आमच्या भिंतीवर लावावी.

सही : सर्जेराव शंभू काळोखे
साक्षीदार : डॉ. गोपाळकृष्ण सहस्रबुद्धे, सदाशिव पेठ. आनंद कुदळे, रास्ता पेठ
पुणे, १४ जुलै २०२५

ता. क. वैष्णवी, एक प्रत आजच विक्रमबरोबर तुला पाठवतो. मी मरेपर्यंत थांबू नकोस. लग्नाला मला बोलावणार की नाही, एवढं लवकर कळव. नाही म्हणालीस तरी चालेल, पण कळव.