पितांबर आबांचा उरलेला तुकडा

२ फेब्रुवारी, भडगाव
धुळ्याहून आलो एकदाचा. खोली झकास आहे, खिडकीतून गिरणा नदी दिसते. घरमालकीण वच्छलाबाई एकट्याच राहतात, गल्ली त्यांना अक्का म्हणते. आल्या आल्या कळण्याची भाकरी आणि भरीत समोर. माणूस आणखी काय मागतो?
सोनगीरजवळ गाडीवरून पडलो तेव्हा नडगीचा तुकडाच उडाला. तिथे डॉक्टरांनी कारखान्यात बनवलेलं हाड भरलंय. ते हळूहळू विरतं आणि त्याची जागा आपलं हाड घेतं, म्हणाले. तोवर हा वायरमन ऑफिसात खुर्चीवर. खुर्ची मला चावते. उन्हाळ्याआधी खांबावर चढलो नाही तर नावाचा तेजस नाही.

६ फेब्रुवारी
माझ्या पायाची हकीकत ऐकून अक्कांनी एक पितळी डबी आणली. त्यांचे मालक पितांबर आबा गेल्या वर्षी वारले. त्यांच्याही मांडीत असंच बनवलेलं हाड होतं. राख सावडताना बाकी सगळ्याचा भुगा, हा पांढरा खडा मात्र जसाच्या तसा. अक्कांनी तो अस्थींत घातला नाही. म्हणाल्या, हाई त्यासनं हाड नही शे, मंग नदीमा कसं सोडू? आणि फेकवतही नाही.
मी पडलो उचापती. खडा उचलून नडगीला लावून पाहिला. गार होता, बरं वाटलं.

१४ फेब्रुवारी
पाय ठणकतोय. बसवत नाही, उभं राहवत नाही, ऑफिसात सगळ्यांवर खेकसतो. अक्का म्हणतात डबीचं झाकण लागत नाही. म्हटलं, चेपली असेल.

२१ फेब्रुवारी
जळगावला एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो पुन्हा काढायला लावला. भरलेलं हाड गेलंय आणि माझंही आलेलं नाही. नुसती धातूची पट्टी, स्क्रू, मधे पोकळी. असं होत नसतं, म्हणाले.
घरी आलो तर खडा फडक्यात बांधून फडताळात ठेवलेला. बोटभर लांब झालाय. मला भीती वाटते.

२७ फेब्रुवारी
आता वीतभर. अक्काही त्या फडताळाकडे फिरकत नाहीत. आज मीच त्यांना पटवलं — आबांचं हाड त्यात मिसळलं असणार, म्हणजे ते आबांचंच, सोडा नदीत. अक्का रडल्या. सकाळी जाते म्हणाल्या. गिरणेला धरणातून आवर्तन सुटलंय, पाणी आहे.

२८ फेब्रुवारी
अक्का निघाल्या. सुटलो —

अक्का फडकं बांधत होत्या तेव्हा दिसलं होतं, अर्थ आत्ता लागतोय. त्याला स्क्रूची भोकं आहेत. ओळीने. आबांना स्क्रू नव्हते, अक्काच म्हणाल्या जाताना —

माझ्या एक्स-रेत आहेत, तशीच. ते आबांचं नाही —

उठता येत नाही. गुडघ्याखाली पाय मऊ लागतो, दाबला की दबतो. मांडीही —

अक्कांना फोन लावला. इथेच वाजतोय, स्वयंपाकघरात.

खिडकीतून दिसतात. पाण्यात उतरल्या. हाक मारतोय, आवाज जात नाही. फडकं सोडतायत — हात जोडले —

अक्का, सोडू नका, मी अजून