तिसरा वन्स मोर

रत्नागिरी

प्रिय दादू,

तुला जाऊन दोन वर्षं होत आली आणि पत्र लिहायला आज बसलोय. कारण आज मी तालमीला जाऊन आलो. हो, मीच! नाटकात पद सुरू झालं की विडी ओढायला बाहेर पडणारा तुझा गंगाराम आज पेटीला खेटून बसला होता. आणि तिथून जे कानात घेऊन आलोय, ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

यंदाच्या उत्सवात मंडळींनी तुझंच नाटक घेतलंय. नायिकेचं काम तुझा सदू करतोय. तुझाच शालू नेसणार, तूच शिवलेली चोळी घालणार. धाकट्या भावाला दुकानही दिलंस आणि भूमिकाही!

तुमची ती पदं मला कधी मानवली नाहीत, हे तुला काय सांगायचं! गोष्ट ऐन रंगात आलेली, दारात वैरी उभा, आणि आमची नायिका ताना घेत बसलेली. मंडळी माना डोलवायची आणि मी जांभया द्यायचो. शिमग्यात पालखीपुढं ढोल वाजला की माझे पाय ठरत नाहीत, मग मी अरसिक कसा रे? पेटीवर बसणारे नानामास्तर म्हणायचे, "गंग्या, तुझे कान फक्त नारळाचे!" तेही खरंच. बंदरावर डोक्यावरून नारळ वाहिले, आज स्वतःची वखार आहे, ती या कानांच्या जोरावर. नारळ कानाशी हलवला की आत पाणी किती, खोबरं धरलंय की नासलंय, न फोडता सांगतो.

एकदा तुझ्या दुकानात बसून मी म्हटलं होतं, "दादू, तुमच्या नाटकात मरणारं माणूस तीनदा उठून गातं आणि मग मरतं. असं कुठं असतं काय?"

मशीन थांबवून तू हसलास. "मेल्या, लोकांनी वन्स मोर दिला की यमालासुद्धा ताटकळावं लागतं!"

त्या हसण्याच्या शेवटी तुला खोकला आला. "कापडाची कसपटं जातात घशात," म्हणालास. मी ऐकून घेतलं. का ऐकून घेतलं?

मग तुझा तो शेवटचा प्रयोग. त्या सकाळीच तू रागावला होतास, "एकदा तरी माझ्यासाठी बसून ऐक रे!" म्हणून बसलो. मरणाचं पद तू गायलास. वन्स मोर झाला, पुन्हा गायलास. पुन्हा वन्स मोर. या खेपेला तान वर चढता चढता तुझा श्वास मध्येच तुटला. नानांनी पेटीचा सूर भरून ते झाकलं, कुणाला कळलं नाही. मला कळलं. छातीत काहीतरी ओलं खळखळलं दादू, नासक्या नारळासारखं.

उठून "पुरे करा" म्हणायला हवं होतं. पण माझं कोण ऐकणार होतं? "झालं याचं सुरू," म्हणाले असते. आणि तुला पुन्हा दुखवायचं नव्हतं. मग मी काय केलं? "वन्स मोर!" म्हणून मीच ओरडलो. जन्मात पहिल्यांदा! तू आवाज ओळखलास. मेलेल्या नायिकेनं एक डोळा उघडून माझ्याकडं पाहिलं, हसली, आणि तिसऱ्यांदा उठली.

त्या साली आंब्याची पेटी घेऊन तुझ्या घरी आलो, तेव्हा तू या जगात नव्हतास.

वहिनी म्हणाल्या, "भावजी, मला कधी कळू दिलं नाही हो त्यांनी. तुमचे कान एवढे तिखट, तुम्हाला कधी काही जाणवलं नाही?"

"नाही वहिनी," म्हणालो.

डॉक्टर म्हणतात, दुखणं जुनं होतं, एका पदानं काही कमीजास्त झालं नसतं. असेल. पण ऐकूनही तुझ्या दंडाला धरून मी तुला दवाखान्यात नेलं नाही, त्याचं काय? आणि तूही लबाडच! रक्ताचा रुमाल लपवत होतास ना रे आमच्यापासून?

आज सदूनं तेच पद धरलं. त्याच जागी, वर चढताना, तीच खळखळ. मी दचकलो.

नाना म्हणाले, "काय गंग्या, एवढ्यात कंटाळलास? विडी ओढून ये जा!" सगळे हसले. सदूही हसला. आणि मीसुद्धा हसलो दादू! हसलो, चपला घातल्या आणि घरी आलो.

दुसऱ्यांदा तेच करून आलो, म्हणून हे पत्र.

आता ऐक. उद्या वखार उघडायच्या आधी तुझ्या घरी जातो. आधी वहिनींना सांगतो, त्या दिवशी मी खोटं बोललो. त्यांनी दार लावून घेतलं तरी ओटीवर बसून राहीन. मग सदूला सरकारी दवाखान्यात नेतो, दंडाला धरून. कान चुकले असतील, तर पहिल्या रांगेत बसून एकेक पद ऐकेन, जांभई न देता. तशी पहिल्यांदाच चूक होईल या कानांची, आणि देवाशपथ, ती व्हावी.

पण चुकले नसतील तर ते पद होणार नाही. मंडळी मला काय हवं ते म्हणोत. आणि सदू हट्टानं उभा राहिलाच, तर त्या गर्दीत माझा आवाज तुला ऐकू येईल. या खेपेला तो "पुरे" म्हणेल.

तुझा,
पदांचा वैरी
गंगाराम