वांदरं गप हायती

३ नोव्हेंबर

...शिडी खालून कुणी धरली नसती तर मी स्पीकरसकट खाली आले असते. धोंडुबाई म्हणाल्या, पावणं, पडायचंच झालं तर म्हशीवर पडा, मऊ हाय. शेवटी स्पीकर जांभळाच्या फांदीला बसला.

सकाळी हातकणंगल्याला उतरले. धोंडुबाईंची माडीवरची खोली भाड्यानं मिळाली आहे. खिडकीतून त्यांचा ऊस दिसतो, उसामागे टेकडी. टेकडीवरच्या वानरांसाठी मी आले आहे. बिबट्या दिसला की वानर खोकल्यासारखं ओरडतं आणि सगळी टोळी झाडावर चढते. तो आवाज मी स्पीकरवरून वाजवणार, बिबट्या नसताना. किती खोट्या इशाऱ्यांनंतर वानरं विश्वास ठेवणं सोडतात, हा माझा प्रश्न. धोंडुबाईंनी विचारलं, वांदरांस्नी फसवायचा पगार मिळतो व्हय? मग आमच्या सरपंचाला डबल पायजे. मी खूप दिवसांनी हसले. जागा छान आहे.

९ नोव्हेंबर

पहिले प्रयोग चोख. आवाज झाला की टोळी शेंड्यावर.

एक गोष्ट मला माहीत नव्हती. धोंडुबाई आणि त्यांची सून क्रांती उसात वैरणीला जातात, त्या वानरांच्या भरवशावर. वानर खोकलं की दोघी बांधावर येतात, गप असलं की विळा चालू. आज माझ्या आवाजानं दोघी भारे टाकून पळाल्या. धोंडुबाईंनी मला मनसोक्त शिव्या दिल्या, मग जेवायला बसवलं. खरं कुठलं आन तुमचं कुठलं, कसं वळकायचं, म्हणाल्या. मी सांगितलं, जांभळाकडून आला तर माझा.

१८ नोव्हेंबर

निम्मी वानरं आता झाडावर चढत नाहीत. आलेख सुरेख उतरतो आहे. पुण्याहून माझ्या गाईड सरांचा फोन आला, ते खूश आहेत.

खाली बायकाही मान वर करत नाहीत. क्रांती स्पीकरची नक्कल करते. तिच्या खोकण्यानं टोळीतली म्हातारी मादी एकदा दचकली. माझ्या आवाजानं नाही.

२७ नोव्हेंबर

कुणीही हललं नाही. शून्य लिहिलं.

२ डिसेंबर

शेजारच्या गोठ्यातलं कुत्रं गेलं. पाटाच्या चिखलात पावलं आहेत, बिबट्याचीच. ती वानरांच्या झोपायच्या वडाखालून गेली आहेत. उजाडताना गेला असावा, गवतावरचं दव पावलांनी मोडलं आहे. वानरं जागी होती. एकही ओरडलं नाही.

सरांना फोनवर म्हणाले, थांबवू या. ते म्हणाले, एवढा आठवडा काढ. मी हो म्हणाले.

४ डिसेंबर

धोंडुबाईंना सांगितलं, वानरं गप आहेत याला आता काही अर्थ नाही. मीच त्यांना तसं केलं आहे. उसात जाऊ नका.

त्या म्हणाल्या, म्हशीला काय सांगू, आज उपास धर? तुमी चार बुकं शिकला, माझा जल्म गेला हितं. वांदरं गप हायती, म्हंजे रान मोकळं.

पुन्हा सांगितलं. त्यांनी मला चहा दिला. मी प्यायले.

६ डिसेंबर

संध्याकाळ. मी टेकडीवर होते. सगळी वानरं एकाच दिशेला तोंड करून बसली होती. पिल्लं पोटाशी. सगळ्यांची नजर उसातल्या एका जागेवर. आवाज नाही —

त्या जागेपासून दहा-बारा सऱ्यांवर धोंडुबाईंचा निळा पदर.

ओरडले. वारं उलटं. कुठेतरी ट्रॅक्टर चालू.

माझा आवाज पोचत नव्हता. स्पीकरचा पोचतो. हातातल्या रिमोटनं पूर्ण मोठा करून वाजवला. जांभळाकडून —

त्यांनी मान वर केली. मला हात केला. बांधावरून क्रांती ओरडली, बंद करा की बाई तुमचा रेडिओ!

पुन्हा वाजवला.

त्या परत वाकल्या.

ऊस हलला. थोडाच —

धावत खाली पोचले तेव्हा नुसता विळा होता. भारा अर्धा बांधलेला. वर वानरं पाला खात होती.

७ डिसेंबर

सकाळी पाटापलीकडच्या उसात धोंडुबाई सापडल्या. चेहऱ्याला काही झालेलं नव्हतं. वनखात्याचा माणूस पंचनामा लिहीत होता. त्यानं क्रांतीला विचारलं, वानरं ओरडली नव्हती का.

क्रांती म्हणाली, वरडलं की. दोनदा वरडलं. पर ते बाईंचं हुतं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, कालचं ते खरं —