तगरीची उशी

२ फेब्रुवारी, रविवार
आजपासून औषधी व सुगंधी वनस्पतींच्या व्यवसायात उतरलो. तूर्त बाल्कनीत उतरलोय, पण सुरुवात कुठून तरी होतेच. पीक: तगर. दारातली पांढऱ्या फुलांची नव्हे. ही मुळांची, इंग्रजीत व्हॅलेरियन. वाळलेल्या मुळांच्या वासाने गाढ झोप लागते. मुळं उशीत भरायची, उशी विकायची. निद्रानाशाला जगात तोटा नाही. एक गिऱ्हाईक तर घरातच आहे: सासरे. सासूबाई गेल्यापासून आमच्याकडे असतात आणि रात्रभर हॉलमध्ये चपला वाजवत फिरतात.

हिची अट: बाबांना झोप लागली तर बाल्कनी कायमची माझी. नाही तर कुंड्या खाली आणि तिची आरामखुर्ची पुन्हा जागेवर. मी तत्काळ कबूल. बिचारी! खुर्ची तोवर बेडरूममध्ये, कपाटासमोर. कपाट अर्धंच उघडतं.

९ फेब्रुवारी
रोपं लावली. लागवडीवरचं जाडजूड पुस्तक वाचून काढलं. ‘प्राणी व उपद्रव’ हे प्रकरण गाळलं. आपल्याकडे प्राणी नाहीत. उपद्रव आहे, पण सासऱ्यांवर लेखकाने काही लिहिलं असेल असं वाटत नाही.

कठड्याजवळची कुंडी राखीव. मातृरोप! त्याच्या मुळांना हात लावायचा नाही. व्यवसाय व्यवसायाच्या जागी, संवर्धन संवर्धनाच्या जागी. तशी पाटी लावली.

६ एप्रिल
सासरे रोज विचारतात, कोथिंबीर कधी निघणार. दुर्लक्ष.
संकल्प: उद्यापासून पहाटे उठून रोपांची उंची मोजणे.

७ एप्रिल
उद्यापासून.

१२ ऑक्टोबर
काढणी! मुळं धुऊन हॉलमध्ये पंख्याखाली वाळत घातली. घरभर सुगंध. ही म्हणाली, कुणाचे तरी मोजे कुजलेत. घरातले सगळे मोजे धुतले.

१३ ऑक्टोबर
आज पुन्हा धुतले. मी गप्प. व्यापारात गुपित राखावं लागतं.

१९ ऑक्टोबर, दुपार
ब्रँड ठरला: ‘शांतनिद्रा’. समोरच्या शिवणकामवाल्या काकूंनी अभ्रे शिवून दिले, त्यांना एक उशी. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना एक, खालच्या क्लासवाल्या बाईंना एक. सगळं सॅम्पल म्हणून. फुकट ते पौष्टिक, कुणी नाही म्हटलं नाही. सासऱ्यांची उशी मुद्दाम शेवटी. आधी बाजार जिंकायचा, मग सासरा.

२० ऑक्टोबर
दाराशी एक जाडं नारिंगी मांजर आलं आणि पायपुसण्यावर लोळलं. वासाची पारख आहे.

२१ ऑक्टोबर
जिन्यात नऊ मांजरं. डॉक्टर सांगत आले की त्यांच्या डोक्यावरून रात्रभर दोन बोके कुस्ती खेळले. बाईंची उशी फाटली. काकूंचे पडदे फाटले. सगळी बिल्डिंग जागी होती. ह्यालाच डिमांड म्हणतात!

२२ ऑक्टोबर
मातृरोप मुळासकट फस्त. पाटी शाबूत.
बिल्डिंगच्या सेक्रेटरींनी सगळ्या उशा परत घ्यायला लावल्या. माल परत मागवण्याची वेळ मोठमोठ्या कंपन्यांवर येते. म्हणजे आपली गणना त्यांच्यात झाली. आता सगळा माल आमच्याच घरात. मांजरंही.

दुपारी गाळलेलं प्रकरण वाचलं. पहिलंच वाक्य: तगरीच्या मुळांच्या वासाने मांजरं वेडीपिशी होतात. एवढी महत्त्वाची गोष्ट लेखकाने मुखपृष्ठावर नको छापायला?

२५ ऑक्टोबर
एक उशी ठेवून बाकी माल लांब नेऊन टाकला. उरली ती आज सासऱ्यांना दिली. आता सगळी भिस्त त्यांच्या डोळ्यांवर. बाल्कनी गेली तर गेली, पण ते हल्ली फारच खंगलेत. झोपा हो एकदा, बाबा.

२६ ऑक्टोबर, सकाळ
झोपले! चपलांचा आवाज नाही, उलट चक्क घोरणं. नाचत जाऊन हिला उठवलं. जिंकलो! दोघांनी दार लोटून पाहिलं. उशीवर ते नारिंगी मांजर, तोंड खुपसून, पाय वर करून. सासरे बिनउशीचे, मांजराच्या पोटावर हात ठेवून. घोरणं दोघांचं.

उन्हं आल्यावर उठले. हिला म्हणाले, उशीला मोज्यांचा वास येतो म्हणून बाजूला सारली होती. तेवढ्यात हे आलं आणि घुरघुरायला लागलं. तुझी आई अगदी असंच घोरायची. मग कधी डोळा लागला कळलंच नाही.

ही झटकन स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नळ नुसता वाहत होता.

कायद्याने पाहिलं तर जिंकलो मीच. मांजर उशीमुळे आलं, झोप मांजरामुळे आली. पण हिचे डोळे पाहिले आणि कुंड्या स्वतःच खाली नेल्या. खुर्ची जागेवर. कपाट पूर्ण उघडतं.

संध्याकाळ
‘शांतनिद्रा’ला पहिली ऑर्डर! सासऱ्यांकडून. अजून एक उशी, मांजराच्या मापाची, म्हणजे ते टिकून राहील. उशा भरताना उरलेली मूठभर मुळं डब्यात आहेत, पण कापूस संपला. हिला विचारलं तर म्हणाली, तुमच्या उशीतला घ्या.