जीप फक्त घरीच मरते

९ मे

जीप पुन्हा मेली. किल्ली फिरवली – नुसतं टिक. बॅटरी दोन महिन्यांची आहे. ऑटो करून प्लांटात पोचलो, हजेरी लेट. आमच्या सेक्शनचा शुभम म्हणे, "तेवीस साल से इलेक्ट्रिशियन हो दादा, अपनी जीप नहीं बनती?" सगळे हसले. त्याची कॉलर धरून पॅनेलवर आपटला. फोरमननं सोडवला. बरं वाटलं. खोटं कावून लिहू.

१० मे

बॅटरी चार्ज करून लावली, तर आज हॉर्न आपोआप वाजला. जीप बंद, किल्ली माझ्या खिशात, अन् भर दुपारी सारी गल्ली गोळा. समोरचे कृष्णराव आले. रेल्वेत सिग्नल मेंटेनर होते, आता रिटायर. चरोद्याच्या या गल्लीत आमच्या आधीपासून राहतात. म्हणे, "हेमराज, कुठंतरी तार घासून राहिली. हॉर्नच्या तारेले बॉडी लागली का तो वाजतेच. पाहू का मी?"

एवढ्या लोकांसमोर मले शिकवून राहिला म्हातारा. मी म्हटलं, "काकाजी, तुम्ही तुमचे सिग्नल सांभाळा." हसत परत गेले. ते हसणं डोक्यात बसलं.

फ्यूज तीनदा उडाला. चौथ्यांदा फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळली. आता उडून दाखव.

१३ मे

तीन दिवस मीटर लावून बसलो. डायनॅमो ठीक. स्टार्टर ठीक. अर्थची पट्टी घासून नवीन कसली. प्लांटच्या स्टँडवर आठ तास उभी – बॅटरी जशीच्या तशी. घरी गल्लीत उभी केली – सकाळी मेलेली. दरवेळी हेच. म्हणजे दोष जीपमधे नाई. कोणीतरी हात लावून राहिलं. अन् या गल्लीत तारेतलं कळणारा मी सोडून एकच माणूस आहे.

१५ मे

दामिनीले सांगितलं. बायको असून म्हणते, "ते कावून करतील असं? तुमची जीप वीस वर्षांची झाली, तिले दोष नाई, अन् माणसाले आहे?"

थप्पड मारली. कानातलं निघून पडलं. ती रडली नाई. फरशीवर बसून हातानं चाचपत कानातलं शोधत राहिली. ते पाहवेना म्हणून बाहेर गेलो अन् कृष्णरावच्या स्कूटरचा हेडलाइट लाथेनं फोडला. ते दारातच उभे होते. त्यांची बायको अंजनाबाई ओरडायले लागली, तर तिले म्हणाले, "आत चल. त्याचं डोकं गरम आहे आज."

आज नाई. रोजच आहे.

१८ मे

नाइट करून आलो अन् झोपलो. दुपारी तीनले हॉर्न. खिडकीतून पाहिलं – बोनेट वर, कृष्णराव अर्धे आत वाकलेले, हातात पाना. सापडला. जॅकचा दांडा दारामागं होता. पहिला खांद्यावर. ते वळले, हात वर केला, "हेमराज, जळू–" एवढंच म्हणाले. दुसरा त्या हातावर. हाड मोडलेलं ऐकू आलं. तिसरा डोक्यावर. बंपरवर आपटून खाली पडले.

चौथाही मारला. पडल्यावर मारला. दामिनीनं मागून कमरेले मिठी घातली तेव्हा थांबलो. दांड्याले पांढरे केस चिकटले होते.

१९ मे

पोलीस चौकीत लिहून दिलं – बॅटरी चोरताना पकडला, झटापटीत पडला. तिथला रिपोर्ट लिहिणारा मुन्शी म्हणे, "बैटरी चोर तो इधर बहुत हैं. अभी घर जाओ, बुलाएंगे." सही केली. कृष्णराव दवाखान्यात, बेशुद्ध. दामिनी दुसऱ्या खोलीत झोपली, आतून कडी लावून.

२१ मे

आज जीप उघडली. जळक्या रबराचा वास.

बॅटरीची एकच तार सोडलेली होती. नट ढिला करून तार बाजूले केलेली. बॅटरी न्यायची तर दोन्ही तारा काढाव्या लागतात, वरची पट्टीही. पट्टीले हात लागलेला नाई. माझी सही डोळ्यांपुढं आली.

गालिचा उचलला. फोर-व्हीलच्या लिव्हरपाशी हॉर्नची तार सोललेली, तिच्याजवळची जाड तार वितळलेली. लिव्हर ओढून पाहिला. त्याची पट्टी बरोबर तारांवर बसते. आमची गल्ली उताराची, हँडब्रेक ढिला, म्हणून घरी मी जीप गिअरमधे अन् फोर-व्हीलमधे टाकून उभी करतो, चारही चाकं धरून राहतात. प्लांटचं स्टँड सपाट. तिथं लिव्हर ओढत नाई. म्हणून फक्त घरीच मरत होती. मीच मारत होतो रोज.

फ्यूज असता तर उडाला असता. फ्यूजच्या जागी माझी तार होती. तार जळत जळत डिझेलच्या पायपापासून चार बोटांवर थांबली. बॅटरीची तार सोडली होती म्हणून थांबली. जीप ज्या भिंतीले लागून उभी होती, तिच्या आत मी झोपलो होतो. दामिनीही घरात होती.



२२ मे

दवाखान्यात गेलो. अंजनाबाई बाकावर बसल्या होत्या. मले वाटलं चप्पल काढतील. वर पाहिलंसुद्धा नाई.

मी विचारलं, "काकाजींनी मले उठवलं कावून नाई?"

अंजनाबाई म्हणाल्या, "धूर दिसला तशे पाना घेऊन धावले. मी म्हटलं, आधी त्याले उठवा. तर म्हणे, नाइट करून आला तो, झोपू दे. दोन मिनिटाचं काम आहे."

तिथून निघालो. चौकीपर्यंत गेलो. फाटकातून परत आलो. नोकरी जाईल, जेल होईल – हेच डोक्यात. उद्या जातो म्हटलं.

२३ मे

पहाटे कृष्णराव गेले. आठ वाजता मुन्शीचा फोन – "बुड्ढा मर गया. घबराना मत, चोरी की रिपोर्ट तुम्हारी पहले से है." मी म्हटलं, "साहब, रिपोर्ट झूठी है. मैं आ रहा हूं."

दामिनी दारात उभी होती. तिनं ऐकलं. बाजूले सरकून मले वाट दिली.